टोपलीत न मावलेले जग

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या मुलुंडच्या मंडळीचे चिटणीस अण्णा गायकवाड यांनी एक निवेदन वाचले : ‘यंदाच्या उपवासकाळात प्रार्थनासाखळीत बसणाऱ्यांचे मोबाईल दाराशी टोपलीत ठेवून घेतल्यामुळे जगाला एकाही सभासदाचे लक्ष प्रभूवरून ढळवता आले नाही.’

निवेदन आटोपशीर होते. खोटी निवेदने बहुधा असतातच. त्यात जगाचा आकार तळहाताएवढा धरला होता. जग निळा शर्ट घालून येते, दाराशी बूट काढायला गरजेपेक्षा अधिक वेळ घेते आणि कोणत्याही टोपलीत मावत नाही, याची चिटणिसांना खबर नव्हती. मला होती.

साखळी म्हणजे चर्चमध्ये एकामागून एक, प्रत्येकाने तासभर बसून अखंड ठेवलेली प्रार्थना. तिचा नियम साधा. पुढचा माणूस शेजारी गुडघे टेकून ‘मी जागा आहे’ असे म्हणेपर्यंत आधीच्याने उठायचे नाही. बुधवारी दुपारी माझ्यानंतर देवव्रत साळवे यायचा. गोरेगावच्या एका स्टुडिओत तो ध्वनिमुद्रण करतो. लिंक रोडने, भर उन्हात, एवढ्या लांब... निव्वळ प्रार्थनेसाठी? मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. ज्या दस्तऐवजात एकही खाडाखोड नाही, तो मी बनावट धरते; आणि देवव्रतचे मिटलेले डोळे फारच सुबक होते.

“गोरेगावात देव नाही का हो?” मी एकदा पायरीवर विचारले.

“आहे ना. पण तिथे आवाज फार.”

“आणि इथे?”

“इथे...” तो पायांकडे पाहत हसला. “इथे शांतता फार. तीही त्रासच देते.”

अशा उत्तरांवर मी विश्वास ठेवत नाही. ती घोकून आणलेली असतात.

गेल्या बुधवारी त्याने ‘मी जागा आहे’ म्हटले, डोळे मिटले, ओठ हलू लागले. मी उठणार, तोच कुजबुज ऐकू आली :

“थांबा— ओढणी खिळ्यात अडकलीय.”

ओढणी खरोखरच बाकाच्या खिळ्यात अडकली होती. ती सोडवून मी त्याच्याकडे पाहिले. पापण्या अजून मिटलेल्याच.

“डोळे मिटून दिसलं तुम्हांला?”

“एक... अर्धा उघडा होता.”

“कुठला?”

“तुमच्या बाजूचा.”

मी हसले. मोठ्याने, वेदीसमोर, उपवासकाळात. आणि बाहेर पडल्यावर उरलेला दिवस स्वतःवरच चिडत राहिले. कारण त्या तासात मी केलेल्या प्रार्थनेतला एकही शब्द मला आठवेना. आठवत होती ती शेजारून येणारी उन्हाची आणि साबणाच्या वासाची ऊब. ढोंगी नेमके कोण, हा प्रश्न आता एकट्या त्याच्यापुरता राहिला नव्हता.

जगाचा पराभव जाहीर करून झाल्यावर त्याच अण्णांनी आम्हा दोघांना मागच्या खोलीत बोलावले. पंख्याखाली झावळ्यांचा ढीग सळसळत होता.

“बुधवारी आत कोणीतरी हसलं, असं कानावर आलंय,” अण्णा म्हणाले. “गंधाली, तू काही घाबरू नकोस. या मुलाने तुझं लक्ष विचलित केलं ना? तू फक्त हो म्हण. साखळीतून याचं नाव काढतो, येत्या गुड फ्रायडेच्या गायनातूनही. विषय संपला.”

“आत्ताच तर वाचलंत, कुणाचंच लक्ष ढळलं नाही म्हणून.”

“ते लोकांसाठी, गं! हे आपलं आपल्यात.”

नाही म्हणावे, तर देवाच्या घरात खोटे बोलायचे. हो म्हणावे, तर हा माणूस पुन्हा लिंक रोडने इकडे येणार नाही. देवव्रत झावळीचे एक पाते बोटाला गुंडाळत उभा होता. त्याने मला डोळ्यांनीही काही विनवले नाही. त्यामुळे संशय कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

“ढळलं,” मी म्हणाले. “हसले ती मी. नाव काढायचं तर आधी माझं काढा.”

अण्णांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल शोधू लागले.

मी देवव्रतकडे वळले. ‘तुम्ही’ कुठे गळून पडले, ते कळलेच नाही. “आता तू खरं सांग. तिथे गुडघे टेकून एकदा तरी प्रार्थना केलीस? की सगळं माझ्यासाठीच होतं? तसं असेल तर लांब राहा. मला पटवायला देवाला मध्ये घातलेलं मला चालणार नाही.”

त्याने बोटाचे पाते उलगडून ढिगावर ठेवले. मग जे बोलला, ते एक अक्षरही न बदलता देते :

“केली ना. पहिल्या बुधवारी मागितलं, प्रभू, हिची वेळ बदल, माझं तुझ्याकडे लक्षच लागत नाही. पुढच्या बुधवारी तेच मागायला बसलो, तर मागवेना... भीती वाटली, ऐकलं तर? मग नुसते ओठ हलवायचो, अण्णा, ते ढोंग होतं, कबूल. पण आज सकाळी खरं बोललो त्याच्याशी. म्हटलं, ही मला हवीय, खूप हवीय— पण तुझ्यापासून लपवून नको.”