लॉनीच्या गाडीमागचं पाचवं चाक

माझा दीर वेंडेल दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. पीच पायचे दोन तुकडे हाणतो, कॉफी पातळ झाली म्हणून नाक मुरडतो, आणि मी लॉनीचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघतो.

पंचावन्न वर्षं हेच चाललंय.

आजही आलाय. समोर बसलाय. मी त्याच्यासमोरच हे लिहितेय.

माझी शाळा सहावीपर्यंत झाली, तेव्हा अक्षराला हसायचं त्याने हसावं. पण यातलं काही खोटं वाटलं तर घरी या, तोंडावर सांगते. जागा म्हणजे मिशिगनमध्ये आमच्या गावाबाहेरची जुनी विमानपट्टी. वेळ, गेल्या ऑक्टोबरातला पहिला रविवार, सकाळचे पावणेसात. भुतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या पट्टीवर उभं राहावं.

आधी लॉनीचं सांगते. तो माझा धाकटा भाऊ.

वेंडेल तेव्हा गाड्यांच्या एका मासिकात लिहायचा. कंपनी नवी गाडी पाठवायची, हा ती पाव मैल पळवायचा आणि किती सेकंद लागले ते छापायचा. एकोणसत्तरच्या मे महिन्यात त्याने एका पिवळ्या गाडीचा आकडा छापला. तेरा पूर्णांक एक. वर लिहिलं, दुकानात मिळते तशीच ही गाडी आहे.

लॉनीने तीच गाडी घेतली. तिला लागले साडेचौदा.

दुसऱ्या एका मासिकाने तीच गाडी खरंच दुकानातून उचलून आणली होती, आत दोन माणसं बसवून पळवली होती, आणि साडेचौदाच छापलं होतं. पण ते कोण वाचतंय! लॉनी कामाला होता त्या कारखान्यातली माणसं त्याला चिडवायची, "गाडी तेराचीच आहे रे, तुझा पाय साडेचौदाचा आहे!"

तो वेंडेलकडे गेला. माझं काय चुकतंय, म्हणून विचारलं.

वेंडेलने त्याला आपलं पाचवं चाक दिलं. म्हणजे सायकलसारखं एक चाक. गाडीच्या मागे बांधायचं, ते जमिनीवरून टिकटिकत पळतं आणि नेमका वेग सांगतं. "तुझं मोजणं चुकतंय," म्हणाला.

लॉनीने गाडी हलकी करायला बाजूची सीट काढली. जादा टायर काढला. शेवटी सीटवर बांधायचा पट्टाही काढला.

ऑक्टोबरातल्या एका गार सकाळी, कारण गार हवेत इंजिन जोर धरतं, तो पट्टीवर गेला. गाडी पट्टीपलीकडच्या ओढ्यात सापडली. लॉनी आतच होता.

चाक मात्र... कुणालाच सापडलं नाही.

माझा नवरा हारलन त्या कंपनीत मेकॅनिक. मरायच्या आठवड्यात तो मला बोलून गेला. "मासिकाला जाणारी गाडी आम्ही आठवडाभर खोलून बसायचो, व्हर्ना. मागचे गिअर वेगळे, टायर शर्यतीचे, इंजिनचं डोकं घासून जोर वाढवलेला. वेंडेलला सगळं ठाऊक होतं."

आता माझा मुलगा डॅरल. वय चोपन्न, अक्कल चौदाची. त्याने तसलीच पिवळी गाडी जुळवली आणि तेरा पूर्णांक एक काढूनच दाखवतो म्हणून हट्टाला पेटला. मी बापाचं बोलणं सांगितलं. तर म्हणतो, "आई, बाबा औषधाच्या गुंगीत होते. छापलंय ते! काकांनी खोटं म्हणावं, मी लगेच थांबतो."

काका काही म्हणेना.

म्हणून त्या सकाळी चर्च बुडवून मी वेंडेलला पट्टीवर घेऊन गेले. धुकं होतं. सगळ्या पट्टीवर दव. मी खुर्ची टाकून बसले, तो सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन उभा राहिला.

पहिल्या खेपेला चौदा पूर्णांक सहा. दुसऱ्या खेपेला साडेचौदा.

डॅरलने बाजूची सीट काढून गवतात ठेवली. मग पाना घेऊन पट्ट्याच्या बोल्टला हात घातला.

मी खुर्चीतून उठले.

"मेल्या, पट्ट्याचं वजन ते किती?"

"चार पौंड, आई."

"मग मेंदूही काढून ठेव. तो तेवढाही भरायचा नाही." मी वेंडेलकडे वळले. "भाऊजी, सांगा त्याला."

"वहिनी, आकडा तो आकडा," तो म्हणाला.

तेवढ्यात शेतातली बदकं गप्प झाली.

सगळी. एकदम.

आणि मागून...

टिक. टिक. टिक.

डॅरलची गाडी बंद होती. पट्टीवर दुसरं कुणी नव्हतं. आवाज सुरुवातीच्या रेषेवरून निघाला. जवळ आला. वेग वाढला. टिकटिकटिकटिक...

माझ्या नडग्यांना वारा लागला.

इंजिनचा आवाज नाही. गाडी नाही. आवाज धुक्यात पुढे गेला आणि... थांबला. धडक नाही, काही नाही. फक्त थांबला.

दवात एक रेघ उमटली होती. सायकलच्या चाकाएवढी रुंद. बाजूला गाडीच्या टायरची एकही खूण नाही.

वेंडेलच्या अंगठ्याने सवयीने घड्याळ दाबलं होतं. मी त्याचा हात धरून पाहिलं.

साडेचौदा.

मला रडू फुटलं. मेल्यावरही पोरगं तिथेच अडकलं होतं.

आणि मागे, रेषेवर... पुन्हा टिक.

तेव्हा वेंडेल ओरडला. डॅरलकडे पाहून नाही, धुक्याकडे पाहून. "लॉनी! ती गाडी दुकानातली नव्हती! तुझा पाय बरोबर होता! मी खोटं लिहिलं!"

आवाज थांबला.

डॅरलच्या हातातला पाना गळून पडला. मग तो उचलून त्याने बोल्ट पुन्हा आवळला, सीट आत बसवली आणि आम्हाला गोगलगाईच्या चालीने घरी आणलं. त्या दिवसापासून त्याने पाव मैलाचं नाव काढलेलं नाही. माझा मुलगा वाचला.

"ऐकलं त्याने, वहिनी," वेंडेल वाटेत म्हणत होता. "सुटला बिचारा."

मलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी मी एकटी गेले. सकाळीच. धुकंबिकं काही नव्हतं, लख्ख ऊन होतं. दहा मिनिटं बसले, आणि...

टिक. टिक. टिक.

तसाच आला, तसाच गेला. मग परत रेषेवरून. चार वेळा. मी मोजलं.

का, ते मला कळत नाही. रात्री डोळा लागत नाही. पण एक विचार डोक्यातून जात नाही, आणि तो मी आत्ता, पेन खाली ठेवून, वेंडेलच्या तोंडावर बोलून टाकला:

"भाऊजी, माझ्या भावाने ती गाडी घेतली ती तुमच्या बोलण्यावरून नव्हे. त्याने भरवसा ठेवला तो तुमच्या छापलेल्यावर. तेव्हा धुक्यात ओरडून भागायचं नाही. जिथे तो आकडा छापलात, तिथे स्वतःच्या नावाने छापा की तो खोटा होता. आणि तोवर माझ्या दारात पाऊल टाकू नका."