पहिल्या तुकडीच्या अकरा खुर्च्या

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पण मानांग दोरायसमोर, म्हणजे आमच्या दोरायताईसमोर, 'भास झाला असेल' एवढं म्हणू नका. म्हातारी अजून चिडते.

फिलिपिन्समधल्या इलोकोस भागातलं आमचं गाव. फेब्रुवारीतली सकाळ, दहाचा सुमार. बाहेर लख्ख ऊन.

विद्यापीठाचा पंचाहत्तरावा वर्धापनदिन होता. आज तिथे बारा हजार पोरं शिकतात, सात मजली नवी इमारत उभी आहे. पण सुरुवात झाली ती दोरायच्या आत्याच्या, मिस युफ्रोनियाच्या, खांबांवरच्या लाकडी घराखाली. अकरा विद्यार्थी, चार बाकडी आणि एक पितळी हातघंटा. घंटा वाजवत ती वर्गात यायची, पोरं उभी राहायची. ती 'बसा' म्हणेपर्यंत बसायची कोणाची टाप नव्हती.

तेच घर पाडून ही इमारत झाली. आणि स्मरणिकेत संस्थापक म्हणून नाव एकच. विद्यापीठाचा अध्यक्ष सेवेरो पागदिलाओ, वकील म्हणून सगळे त्याला अटर्नी म्हणतात, त्याच्या आजोबांचं.

चाळीस वर्षं तिथल्या ग्रंथालयात घालवलेली दोराय तडक त्याच्या खोलीत शिरली.

"सेवेरो, आत्याचं नाव कुठे गेलं?"

"मानांग, इतिहास म्हणजे काय वाण्याची यादी आहे? त्या नुसत्या शिकवायच्या. विद्यापीठ आजोबांनी उभं केलं."

"कोणाच्या घरात रे?"

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. दोरायच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहाटे तिने इमारतीच्या पायरीवर आत्यासाठी पान ठेवलं होतं. भात, अंडं, विडा.

बाहेर येऊन बघते तर... पान नाही.

"साहेबांनी टाकायला लावलं, मानांग," पहारेकरी खाली बघत म्हणाला. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणाले."

पितरांचं पान कचऱ्यात. आमच्याकडे हाडवैरीसुद्धा असं करत नाही.

कार्यक्रम सुरू झाला. दर वर्षीसारख्या पहिल्या रांगेत अकरा खुर्च्या रिकाम्या होत्या, पहिल्या तुकडीच्या. त्यातलं आज कोणीच हयात नाही. त्यांची हजेरी घेतात आणि सगळं सभागृह त्यांच्या वतीने 'हजर' म्हणतं.

अटर्नीने पहिलं नाव वाचलं.

लोक 'हजर' म्हणणार, इतक्यात...

टण्... टण्... टण्...

हातघंटा.

आत्याची ती घंटा दोरायच्या घरी कपाटात होती. कुलपात. आणि तिच्यातला लोलक कित्येक वर्षांपूर्वीच तुटून हरवला होता.

मग... अकराच्या अकरा खुर्च्या खरखरत मागे सरकल्या.

रिकाम्या खुर्च्या.



"मिस... मिस युफ्रोनिया," अटर्नी कसाबसा म्हणाला. "त्याही संस्थापक होत्या."

खुर्च्या मागेच राहिल्या.

"आता आठवलं होय रे तुला," दोराय पुटपुटली. तिला भीती नंतर वाटली. तेव्हा नुसता संताप होता.

इमारतीच्या पाटीवर संस्थापक म्हणून आत्याचं नाव अजून लागलेलं नाही. 'भूकंपाचा धक्का होता' असं अटर्नी खुशाल सांगत फिरतो. शिपाई रोज संध्याकाळी त्या खुर्च्या पुढे सारतो.

सकाळी त्या मागे असतात.

गेल्या महिन्यात दोराय एकटीच तिथे गेली. ती पोरं बिचारी किती दिवस उभी राहणार, म्हणून तिला वाईट वाटलं होतं.

"बसा रे आता..." ती हळूच म्हणाली.

टण्.

अगदी कानाशी. एकदाच.

मागे न बघता ती बाहेर आली. 'बसा' म्हणायचं ते फक्त आत्यानेच. आत्याचा राग गेलेला नाही. खरं सांगायचं तर दोरायचाही नाही, आणि आपल्याच रागामुळे ती पोरं उभी आहेत की काय, याची आताशा तिला धास्ती वाटते. पुन्हा तिने कोणालाही 'बसा' म्हटलेलं नाही.