डावीकडचा पेला

अमरावतीत दुर्गाबाईंच्या टाइपरायटरवर तो कागद अजून आहे. गोष्ट खोटी वाटली तर जाऊन बघा.

२०१५ चा मे. भर दुपार.

दुर्गाबाईंचे यजमान जानराव जाऊन चार महिने झाले होते. अमरावती तहसीलबाहेर बसून त्यांनी उभा जन्म लोकांचे अर्ज टाइप केले. नापिकीच्या वर्षांत लोक जे बोलले, ते सारं त्यांनी पुढे लॅपटॉपवर उतरवलं. वर्षश्राद्धाला त्याचं पुस्तक छापायचं, हे दुर्गाबाईंनी ठरवलं होतं.

पण लॅपटॉप फार हळू झाला होता.

पुतण्या प्रीतम अकोल्याहून आला. न बोलावता...

"काकू, लॅपटॉप हाय का बैलबंडी? लिनक्स टाकतो. हलकं रायते. पण आंधी सारं पुसा लागते."

"अन् तुह्या काकाचं लिखाण?"

"पेनड्राइव्हमधी घेतलं न! काहून भेता?"

एवढी घाई याला कशाची? दुर्गाबाईंना कळेना.

तासाभरात लॅपटॉप कोरा होऊन त्यावर लिनक्स बसलं. प्रीतम ओसरीत चहा प्यायला बसला. दुर्गाबाई त्याच्यासमोर.

लॅपटॉप आतल्या खोलीत होता. तिथे कोणी नव्हतं.

टक... टक टक...

दोघांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

टक टक... आणि पेला खणकन पडला.

दुर्गाबाई आत धावल्या. ओळ संपली की जानरावांचा डावा हात आपसूक फिरायचा, टाइपरायटरचा दांडा ढकलल्यासारखा. लॅपटॉपवरही. म्हणून डावीकडे पेला ठेवायचा नाही, हा घरचा नियम. प्रीतमला तो ठाऊक नव्हता; त्याने पाण्याचा पेला लॅपटॉपच्या डावीकडेच ठेवला होता.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी होत्या. अर्थ काहीच नाही.

"मांजर चढली असन," प्रीतम दारातूनच म्हणाला.

दुर्गाबाईंनी तीस वर्षं टायपिंग शिकवलं होतं. त्यांनी दोन्ही ओळी कागदावर उतरवल्या, जुन्या मराठी टाइपरायटरचं झाकण काढलं. पहिल्या ओळीतलं एकेक इंग्रजी अक्षर लॅपटॉपवर ज्या जागी, टाइपरायटरवर त्याच जागची मराठी कळ त्या दाबत गेल्या.

'डबी रिकामी आहे.'

पेनड्राइव्हला डबी फक्त जानराव म्हणत.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला.

रिकामा...

"प्रीतम, काय लिवलं होतं त्यात तुह्याबद्दल?"

"काकू, मले काय मालूम?" त्याने बॅग उचलली. चारची एसटी गाठली. तेव्हापासून फोनही नाही.

दुसरी ओळ दुर्गाबाईंनी अजून टाइप केलेली नाही.

कळा न दाबताही त्यांच्या बोटांना तिचा पहिला शब्द कळतो.

'प्रीतमने...'