हाक न देता बुजवलेलं भुयार

ठेवायचा तर ठेवा विश्वास, पण यात मीठमसाला नाही. माझे दूरच्या नात्यातले काशिराममामा आजही त्या रस्त्यावर पाय ठेवत नाहीत.

२०१४ सालची, मार्गशीर्षातली तिन्हीसांज. पनवेलजवळचं मामांचं गाव.

भरावावरच्या उंच हायवेने गावाचे दोन तुकडे केले होते. मामा अलीकडे, त्यांची आई पलीकडे. मधे, भरावाखालून जाणारं एक भुयार. मामांची बहीण जनी रोज संध्याकाळी त्यातूनच आईला कालवण न्यायची. एका पावसाळ्यात तिथेच पाय घसरून पडली, ती उठलीच नाही. तिचा पितळी डबाही सापडला नाही.

मग हायवे पाडून जमिनीलगत झाडांचा रुंद रस्ता करायचं ठरलं. गाव पुन्हा एक होणार म्हणून सगळे खूश. भुयार बुजवायचं काम मामांच्याच टोळीकडे आलं.

आमच्याकडे विहीर बुजवायच्या आधी तीन हाका देतात.

"आत कोन हाय, बाहेर ये."

मग थांबायचं. मगच माती.

हाक मामांच्या ओठावर आली होती. पण शेजारी कामावरचे साहेब उभे. हसतील म्हणून मामांनी ती गिळली.

माती पडली.

रस्ता झाला. त्या तिन्हीसांजेला मामा पहिल्यांदाच आईचा डबा घेऊन त्यावरून निघाले. अर्ध्यावर आले आणि...

पायाखाली बांगड्या वाजल्या.

मामा थांबले.

बांगड्याही थांबल्या.

मामा गुडघ्यांवर बसले. फुटपाथला तोंड लावून त्यांनी राहिलेल्या तीन हाका दिल्या. "जने, बाहेर ये."

खालून... काहीच नाही.

ते धावतच आईकडे पोचले. आई जेवून हात धूत होती.

"आये, डबा आनलाय."

"आता कशाला? जनी आत्ताच देऊन गेली."

चुलीपाशी पितळी डबा होता. कडांना ओली माती.

मामांनी आईचा हात धरला. "आये, चल माझ्याकडं. आत्ताच्या आत्ता."

"मी कशी येव? तिला परतीची वाट गावत नाय. हितंच राहाते म्हनते."

आणि आईने दोन अंथरुणं घातली.

याला तीन वर्षं झाली. आई काही केल्या हलत नाही. आता डबा वेणूमामी नेते. दोघींपुरता. येताना रोज आईचा एकच निरोप आणते.

"जनी इचारते, वाट कोनी बुजवली?"