शिशाचं बेअरिंग

पैनगंगेच्या मधल्या बेटावर नऊ माणसं अडकली होती. त्या मुलखात त्यांना काढू शकेल अशी एकच नाव होती, लाकडाचे ठेकेदार व्यंकटराव यांची सागवान ओढणारी वाफेची लाँच. आणि तीही बेटाच्या कोसभर खाली, काठाच्या झाडांना बांधलेली, बंद पडली होती. तिचा पंखा फिरवणारा दांडा जागेवरच दुरुस्त करायचा आणि माणसं सोडवायची, एवढ्यासाठी १९४० सालच्या भाद्रपदात चार माणसं आणि दोन बैल नरसीहून उत्तरेला निघाले.

पुढे होता लाँचचा ड्रायव्हर हरिचंद. तो दोन दिवस जंगल तुडवत संतराम मिस्त्रीला बोलवायला आला होता. संतरामनं मुंबईच्या गोदीत बारा वर्षं काढली होती. जहाज धक्क्याला लागलं, की तो हत्यारं घेऊन त्याच्या पोटात उतरायचा आणि यंत्र न हलवता, जिथल्या तिथे कापून, घासून चालू करून द्यायचा. छातीच्या दुखण्यानं गावी परतला, तेव्हा त्यानं एकच वस्तू सोबत आणली होती. ते दोन अर्धुकांचं जाड लोखंडी कडं त्यानं स्वतः घडवलं होतं. दांड्याभोवती ते आवळायचं, मुठीनं फिरवायचं. आत बसवलेलं पातं दांड्यावरून केसाएवढा पापुद्रा काढत जायचं.

"दांडा काढून इथंच आनला असता तर?" धनसिंगनं विचारलं होतं. तो पुसेगावजवळच्या तांड्यावरचा. बैल त्याचे होते.

"दांडा नावेच्या बुडातून भाईर जातो," संतराम म्हणाला. "तो वडला तर त्या भोकातून नदी आत येते. आपल्यालाच तिथं जावं लागंल."

बेटावर धनसिंगचा धाकटा भाऊ शंकरसिंग होता, त्याची तीन लेकरं होती आणि तांड्यावरची आणखी पाच माणसं. गुरं चारायला उन्हाळ्यातच ते तिकडे गेले होते. शंकरसिंगची बायको रूपाबाई मीठ आणायला अलीकडच्या काठावर आली आणि तिच्या पाठीमागे नदी चढली. दोनदा डोंगा घातला, दोन्ही वेळा प्रवाहानं तो पाचोळ्यासारखा फेकून दिला. आता ती दुसऱ्या बैलाचा कासरा धरून मुकाट्यानं चालत होती.

पहिला दिवस चिखलात गेला. गाडीवाट संपली आणि सागाचं रान लागलं. पानांवरून पाणी निथळत होतं, खाली पाय ठेवावा तिथं लाल माती घसरत होती, आणि झाडीच्या वर ढग इतके खाली आले होते, की टेकडीचा माथा कुठे संपतो ते कळत नव्हतं. बैल गुडघ्यांवर येत, पुन्हा उठत. पहिल्या बैलावर कडं होतं. दुसऱ्यावर कोळसा, भाता आणि बेअरिंगमध्ये ओतायच्या पांढऱ्या धातूच्या विटा.

दुसऱ्या दिवशी एक ओढा आडवा आला. पाणी कमरेइतकंच होतं. पहिला बैल पार झाला. दुसरा मध्यावर आला आणि वरून झाडाचं खोड आलं!

"कासरा सोड!" हरिचंद ओरडला.

रूपाबाईनं सोडला नाही. खोड बैलाच्या बरगडीवर आदळलं. बैल आडवा झाला. धनसिंगनं उडी घालून कासरा पकडला, दोघंही ओढले जाऊ लागले. पुढच्या वळणावर ओढा खडकांत शिरत होता. संतरामनं धनसिंगची कंबर धरली. बैलाचं तोंड एकदा वर आलं. त्याचे डोळे धनसिंगवर होते.

धनसिंगनं कासरा सोडला आणि रूपाबाईच्या हातातूनही तो हिसकावून सोडला.

बैल खडकांआड गेला. मग हरिचंद म्हणाला, "मिस्त्री, धातू गेला. आता काय ओतनार?"

"तिथं गेल्यावर बघू," संतराम म्हणाला. काय बघायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

उरलेल्या बैलाला दोन्ही अर्धुकं चढावर झेपेनात. एक त्याच्या पाठीवर ठेवलं. दुसरं बांबूला बांधून माणसांनी खांद्यावर घेतलं. दिवस मावळायच्या आत ते काठावर पोचले.

समोर नदी होती. गोदीतलं पाणी त्यानं पाहिलं होतं, पण ते धक्क्याला टेकून झुलायचं. हे धावत होतं. वरच्या अंगाला, पाण्याच्या मधोमध, झाडांचा एक काळा पुंजका होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ वर जात होती.

"हायेत!" रूपाबाई किंचाळली. ती काठावर जाऊन लेकरांची नावं घेऊन हाका मारू लागली. तिची हाक दहा हातांवरसुद्धा पोचत नव्हती.

सकाळी संतराम लाँचच्या पोटात उतरला. यंत्रापासून मागच्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा एका बेअरिंगमध्ये फिरायचा. तेलावाचून ते इतकं तापलं होतं, की आतला धातू वितळून गेला होता आणि दांडा तिथं ओरबाडून निघाला होता. संतरामनं कडं आवळलं. मूठ फिरवायला हरिचंद आणि धनसिंग पाळीपाळीनं बसले. एक फेरा, पुन्हा एक फेरा. कुईं कुईं आवाज करत लोखंडाचे कुरळे पापुद्रे पाण्यात पडत होते. जागा इतकी अडचणीची, की संतरामला पाठीवर पडून पातं सरकवावं लागे. खोकल्याची उबळ आली की काम थांबे. दिवेलागणीला दांडा गुळगुळीत झाला.

पण बेअरिंगचं काय? वितळलेल्या धातूचे थेंब बुडाच्या फळ्यांवर गोठले होते. रूपाबाईनं ते खरवडून गोळा केले. जेमतेम ओंजळभर!

हरिचंद उठला आणि आपलं मासे धरायचं जाळं घेऊन आला. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या होत्या. "हे चालंल का?"

संतरामनं गोळीवर नख रोवलं. नख आत गेलं. "लई मऊ हाय. एक फेरी टिकंल. कदाचित तीबी न्हाई."

"दुसरं काही हाय का?" धनसिंगनं विचारलं.

दुसरं काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी लाँचच्याच भट्टीत लाकडं पेटवून शिसं वितळवलं. साच्यात पाण्याचा एक थेंब असता, तर उकळतं शिसं तोंडावर उडालं असतं. वर पाऊस चालू होता. रूपाबाई आणि हरिचंद ताडपत्री धरून उभे राहिले आणि संतरामनं श्वास रोखून धार सोडली. नीट बसली! आता खरवडणं उरलं. दांड्याला काजळी लावायची, फिरवून पाहायचं, जिथं काळं लागलं तिथं खरवडायचं आणि पुन्हा तेच.

धनसिंग वाकून आत आला. त्याचा आवाज कोरडा होता. "मिस्त्री, आज धूर न्हाई."

संतरामचा हात थांबला.

"पानी बेटावर चढून राहिलंय. चला आता."

"दादा, अर्धवट बसवलं तर मधातच जळंल. मग तेबी जातेत, आपुनबी जातो."

"किती येळ?"

"दुपार होईल."

धनसिंग मागं वळला. तो वर गेला. रूपाबाई काठावर बेटाकडे तोंड करून बसली होती.  संतराम खरवडत राहिला. घाई करता येत नव्हती, आणि घाई न करणं त्याला सहन होत नव्हतं.

दुपारी वाफ धरली. नऊ माणसांना जागा हवी म्हणून रूपाबाईला काठावर ठेवलं. लाँच थरथरली, पंख्यानं पाणी कापलं आणि ती प्रवाहाच्या तोंडावर इंचाइंचानं वर सरकू लागली! संतराम बेअरिंगवर तळवा ठेवून बसला होता. कोमट. गरम. तो तेल ओतत राहिला.

बेटाचा उंचवटा तेवढा उरला होता. त्यावर माणसं आणि गुरं एकमेकांना चिकटून उभी होती. लाकूड भिजल्यानं चूल विझली होती. धूर नव्हता तो त्यामुळे. नऊही जण जिवंत होते! म्हाताऱ्यांना उचललं, लेकरं हातोहात आत आली. शंकरसिंग तेवढा हलेना.

"गुरं?" तो म्हणाला.

"गुरं न्हाई येत, शंकऱ्या. चढ!" धनसिंग ओरडला.

"दादा, आठ दिस यांच्या दुधावर लेकरं जगली. यांना टाकून कसा येऊ?"

धनसिंगनं त्याला मारलं. फाडकन! मग त्याच थोबाडावरून हात फिरवला आणि त्याला नावेकडे ओढलं. शंकरसिंगनं जाता जाता एका गाईचं दावं सोडलं, मग दुसरीचं. सगळी सोडेपर्यंत हरिचंद थांबला.

परतीला प्रवाह पाठीशी होता. नदी तिरकी कापून काठ धरायचा होता. अर्धं अंतर गेलं आणि संतरामच्या तळव्याखाली बेअरिंग भाजायला लागलं. त्यानं पाणी ओतलं. वाफ! दांडा किंचाळला. शिसं पातळ होऊन बाहेर आलं आणि पंखा थांबला.

लाँच प्रवाहात आडवी वळली. खाली खडकांची ओळ फेसाळत होती. लाँचचा नांगर पहिल्याच पुरात गेला होता. हरिचंद सुकाणू फिरवत होता. नाव ऐकत नव्हती. लेकरं तांड्यावरच्या एका म्हातारीला बिलगली. कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं.

संतरामची नजर बुडाशी पडलेल्या कड्यावर गेली. त्यानं क्षणभर त्यावर हात ठेवला.

"दोर बांधा याला!"

चौघांनी ते कठड्यावर चढवलं आणि पाण्यात ढकललं. दोर सुसाट सुटला. सैल... सैल... आणि ताणला! कडं तळच्या कपारीत अडकलं होतं. लाँच हिसका खाऊन थबकली आणि दोराच्या टोकाला लोलकासारखी काठाकडे झुकू लागली. रूपाबाई काठानं धावत आली होती. हरिचंदनं दुसरा दोर फेकला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा तिनं तो झेलला आणि अर्जुनाच्या झाडाच्या बुंध्याला वेढे घातले.

"उतरा! उतरा!"

छातीभर पाण्यातून, दोर धरून, एकेक जण काठाला लागला. संतराम शेवटी उतरला. तो चिखलात पडला आणि मागं कडाड्कन दोर तुटला. मग दुसराही. लाँच खडकांवर गेली. दोनदा वाजली, मग दिसेनाशी झाली.

रूपाबाई तिन्ही लेकरांना छातीशी धरून रडत होती. शंकरसिंग मात्र पाण्याकडे पाहत होता. बेटावरून पाणी वाहू लागलं होतं. गुरं पोहत होती. शिंगांची एक लांब ओळ, वेगानं खाली येणारी.

त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि हाक घातली. लांब, चढत जाणारी, तांड्यावर संध्याकाळी गुरांना घालतात तशी. दोनचार मुंडकी काठाकडे वळली. बाकीची वळली नाहीत. तो पळत राहिला, हाका घालत राहिला. त्याचा आवाज बसला तेव्हा धनसिंगनं हाक उचलली. मग रूपाबाईनं.

संतरामला ती हाक येत नव्हती. तो कसाबसा उठून त्यांच्याजवळ उभा राहिला आणि छाती दुखेपर्यंत नुसताच ओरडू लागला. खूप खाली, वळणाच्या अलीकडे, एक पांढरी गाय चिखलात पुढचे पाय रोवून वर यायला धडपडत होती.