मत : दोन 'होय', दोन 'परत'

तिने खण ओढला. तो आपोआप आत गेला. तिने पुन्हा ओढला... तो पुन्हा आत गेला.

शब्दकोशाच्या कार्यालयातलं कार्डांचं कपाट दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलेलं होतं. खण दोन्हीकडून उघडायचे. पण सहा वर्षांत पलीकडून कुणी ओढाओढी केली नव्हती.

"कोण आहे?" तिने फटीतून विचारलं.

"नवीन माणूस. मला 'म' हवाय."

"मलाही हवाय."

"मग 'मऊ' तुम्ही घ्या, 'मगर' मला द्या."

फटीतून दोन डोळे दिसले. डोळे बरे होते. तिने खण सोडला, आणि 'मगर'सकट सगळा 'म' त्याच्या पायावर पडला.

ती शब्दांची मुळं शोधायची. त्याला अर्थ लिहायला घेतलं होतं, तेही फक्त 'म'पुरतं. नेमणुकीच्या पत्रात तसं स्पष्ट होतं : 'म' संपेपर्यंत. आठ महिन्यांत तो पार 'म्होरक्या'पर्यंत पोचला. मागे राहिली एकच नोंद — 'मत'.

तिथे प्रत्येक नोंद गुप्त मतदानाने मंजूर व्हायची. पूर्वी उघड चर्चा व्हायची, पण 'गाढव' या शब्दाच्या वेळी ती फार व्यक्तिगत झाली. तेव्हापासून दर मंगळवारी चौघं जण — संपादक सर, मुद्रितं तपासणाऱ्या काकू, ती आणि तो — टाचण्यांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायचे. 'होय', नाहीतर 'परत'. बरोबरी झाली की नोंद पुढच्या मंगळवारी.

'मत' सहा मंगळवार आली. सहाही वेळा दोन 'होय', दोन 'परत'.

त्यातली एक 'परत' तिची होती. नोंद वाईट नव्हती. चांगली होती, हाच तिचा दोष. मंजूर झाली की 'म' संपला, आणि 'म' संपला की तो चालला. दुसरी 'परत' काकूंची असणार, काकूंना आपलं गुपित कळलंय, असं तिने धरून टाकलं आणि दर मंगळवारी त्यांना चहा नेऊन द्यायला लागली. "अगं, कशाबद्दल?" काकू विचारायच्या. ती डोळा मारायची. काकूंनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

एका दुपारी तो तिच्या टेबलापाशी आला. "तुमचं मूळ तरी धड आहे ना?"

"एकदम. संस्कृत 'मन्', म्हणजे विचार करणे. त्यातून 'मत', विचार करून झालेलं. मन तिथलंच, मतीही तिथलीच. चिठ्ठी, पेटी, रांग हे सगळं फार नंतर."

"म्हणजे आधी विचार, मग पेटी."

"मुळात तरी."

"मग मला 'परत' देणारे दोघं... विचार करून देत असतील?"

"फार," ती म्हणाली. "म्हणजे — असावेत."

"काल आईने विचारलं, भाजी कशी झालीय. मी म्हटलं, मत राखून ठेवतो. आई म्हणाली, मग ताटही राखून ठेवते."

ती हसली. पण तो गेल्यावर तिच्या मनाला लागलं. माणूस जाऊ नये म्हणून आपण त्याचं कामच नापास करतोय... हे कसलं प्रेम!

सातव्या मंगळवारी सरांनी डब्यात पुन्हा टाचण्या भरून टाकल्या. "पुरे झालं! आज हात वर करायचे. 'परत' म्हणणारे?"

तो समोरच बसला होता. हात वर केला, तर इतके दिवस छळणारी हीच, हे त्याला कळणार. नाही केला, तर आज त्याचा शेवटचा दिवस. तिने डोळे गच्च मिटले आणि हात वर केला.

मग काकूंचा आवाज आला, "अरे! तू पण?"

तिने डोळे उघडले. काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते. वर होता तो त्याचा हात, आणि तोही आत्ताच डोळे उघडत होता.

"स्वतःच्याच नोंदीविरुद्ध?" सरांनी चष्मा काढला.

"सातही वेळा, सर. 'म' संपला की मला जावं लागतं. आणि पलीकडच्या खोलीत..." तो अडखळला. "दुसरी चिठ्ठी काकूंची आहे असं वाटायचं मला."

"माझी कशी असेल? मला नोंद पहिल्याच दिवशी आवडली होती!" काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे म्हणून ही चहा आणायची नि तू बिस्किटं! मला वाटलं, माझा मान राखताय."

"नोंद चांगली आहे," ती त्याला म्हणाली. "पहिल्यापासून चांगली आहे. माझ्यापायी ती अडवू नका."

"नाही अडवत. नोकरी जाईल ती जाईल... पण रोज साडेपाचला मी खाली फाटकाशी उभा राहिलो, तर — तुम्हाला —"

"हा विषय आजच्या सभेपुढे नाही," सर म्हणाले.

"मी मांडते," काकू म्हणाल्या. "मतदार एकच आहे. बोल गं!"

"विचार करून झालाय," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "फक्त... सव्वापाचला उभा राहा. मी लवकर निघेन."

तो उठला आणि टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. सर खाकरले. "'मत', मंजूर म्हणणारे?"

सरांचा हात वर झाला. काकूंनी दोन्ही केले. सरांनी एकच धरला. तिने डावा वर केला, त्याने उजवा. उरलेले दोन टेबलाखाली एकमेकांत गुंतले होते.