जिरली का?

जयसिंगची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडले मी. तो नुसता टँकरला टेकून ऐकत होता.

वाघोलीच्या आमच्या कॉलेजला रोज तीन टँकर पाणी लागतं. त्या दिवशी मागच्या गेटापाशी उभ्या टँकरचा नळ गळत होता आणि मी नुकतीच 'पाण्याचे संवर्धन' हा धडा शिकवून आले होते. सत्तरपैकी नऊ मुलं हजर, त्यातली चार झोपलेली. राग कुठेतरी काढायचाच होता.

"अहो, तुमचा नळ गळतोय."

"हाय ना. परवापासून."

"मग दुरुस्तीला मुहूर्त बघताय का?"

त्याने शांतपणे खिशातला रुमाल काढून नळाला गुंडाळला. गाठ मारता मारता माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"तुम्ही पर्यावरणाच्या मॅडम का?"

"कशावरून?"

"बाकीच्या मॅडम साडी सावरून जातात. भांडायला कुणी थांबत नाय."

मला हसू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी बसस्टॉपकडे वळले.

माझं वय चौतीस. आई-बाबा गेल्यापासून विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. एकटं राहणं म्हणजे काय, ते मला खताच्या डब्याने शिकवलं. मुलांना सांगायचं तर आधी आपण करावं, म्हणून गॅलरीत डबा ठेवला. पण एका माणसाच्या कचऱ्याचं खत होत नाही. भेंडीची देठं आणि चहाचा चोथा नुसता वाळून जातो. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारपर्यंत मी कुणाशीच बोलत नसे. सोमवारी कंडक्टरला 'वाघोली' म्हणताना आवाज घोगरा यायचा.

पर्यावरणाचा पेपर म्हणजे मागच्या वर्षीच्या जर्नलची नक्कल, हे मला एकदा मोडायचं होतं. कॉलेजची बोअर तीन वर्षं कोरडी होती. तिच्याजवळ शोषखड्डा घेऊ, छतावरचं पाणी जमिनीत मुरवू, असं मी वर्गात सांगितलं. चौदा मुलं तयार झाली. त्यांची पुढारी शालू, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. जागा ठरवायला आम्ही खडूने रेघा मारत होतो, तेव्हा पाइप गुंडाळत जयसिंग म्हणाला, "तिथं नका खणू. खाली नुसता पाषाण हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमचंच रान होतं हे. तुमच्या कँटीनच्या जागी गोठा होता. त्या लिंबापाशी खणा, मुरूम लागंल. तिथं पाणी थांबतच नसायचं, वडील वैतागायचे."

"खड्डा यशस्वी झाला तर तुमचा टँकर बंद पडेल, कळतंय ना?"

"पडू द्या की. रान विकल्यावर काहीतरी करायचं म्हणून घेतला. आवडीनं कोण टँकर चालवतंय?"

पूर्ण फेब्रुवारी तो टँकर रिकामा करून कुदळ घ्यायचा. मुलांना मुरूम, माती, खडीचे थर हातात देऊन ओळखायला लावायचा. माझ्या पुस्तकातलं सगळं त्याच्या हातात होतं. कधी हरभऱ्याची डहाळी आणायचा, एक घाटा सोलून हळूच माझ्या वहीवर ठेवायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा. रोज विचारायचा, "जेवलात का?" हजेरीपटात ज्याचं उत्तर लिहायचं नाही असा एक तरी प्रश्न मला कुणीतरी विचारत होतं. त्या प्रश्नासाठी मी सकाळी लवकर आवरायला लागले... हे मान्य करायला हरकत नाही.

बारा मार्चला खड्ड्याची चाचणी होती. बादलीने पाणी ओतून बघायचं होतं. नेमकं तेव्हाच प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तो खड्डा बुजवून घ्या. तिथे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचंय."

मी दहा मिनिटं बोलले. ते दहा मिनिटं घड्याळाकडे बघत होते. बाहेर आले, तर मोबाइलवर जयसिंगचा मेसेज होता: 'जिरली का?'

पुण्यात जन्मलेल्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. फार शहाणपणा करणाऱ्याची फजिती झाली की त्याला हेच विचारतात. म्हणजे बातमी गेटापर्यंत पोचली होती. टँकरवाल्याचा धंदा वाचला, पर्यावरणवाल्या बाईंची जिरली. 'हो, जिरली. अभिनंदन,' असं लिहून मी त्याचा नंबर ब्लॉक केला.

त्यानंतर मी पुढच्या गेटाने जायला लागले. मला त्याचा राग येत होता आणि आठवणही त्याचीच येत होती. एका रविवारी मी चुकीच्या नंबरवरून आलेला फोन चार मिनिटं चालू ठेवला, कारण पलीकडचे आजोबा बोलायला बरे होते.

एप्रिलअखेर जर्नलं तपासायला आली. शालूचं उघडलं.

'१२ मार्च. पहिली बादली ओतली. मॅडम आल्या नव्हत्या. जयसिंगदादांना टँकर घेऊन जावं लागलं, म्हणून त्यांनी वाटेतून मॅडमना मेसेज करून बादली जिरली का ते विचारलं. बादली जिरली. वेळ: बावीस मिनिटे.'

खाली लिहिलं होतं: 'कॉलेजचा खड्डा बुजवल्यामुळे पुढच्या पाच चाचण्या दादांच्या उरलेल्या रानात, दर रविवारी.' चौदा सह्या होत्या.

मी शालूला बोलावलं. "मला का नाही सांगितलंस?"

"मॅम, दादाच नको म्हणाले. मॅडम ऑलरेडी वैतागल्यात, त्यात माझं नाव नको."

त्याच शनिवारी दुपारी मी त्याच्या रानात गेले. इमारतींच्या मागे जेमतेम दोन एकर उरलंय. आभाळ भरून आलं होतं, मातीवर वळवाचे मोजके थेंब पडत होते. तो नव्या खड्ड्याच्या कडेला खडी पसरत होता. मला बघून त्याने हात विजारीला पुसले.

"बादली स्त्रीलिंगी असते, हे माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हणाले.

"मलाबी आधी कळलं नाय. वहिनीला मेसेज दाखवला, तर तिनं कपाळाला हात लावला."

"मग येऊन सांगायचं होतं."

"तुम्ही गेट बदललंत. म्हणलं, बाईमाणसाच्या मागं कशाला फिरा."

आम्ही बांधावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. माझं कंत्राट मेमध्ये संपतंय आणि पुन्हा घेतील असं वाटत नाही, हे मी त्याला सांगितलं. मग आणखी एक गोष्ट राहिली होती. ती मी बसमध्ये तीनदा मनात म्हणून पाहिली होती.

"जयसिंग, मला तुम्ही... आवडता. हे सांगायला मला दुसरं कुणी नाहीये, म्हणून तुम्हालाच सांगतेय."

त्याने खडीतला एक खडा उचलून खड्ड्यात टाकला.

"आमच्या घरात अकरा माणसं हाईत, मॅडम," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून एकालाबी सांगता आलं नाय."

"काय?"

"तुम्ही आत्ता बोललात, तेच."

थेंब वाढले होते. उठावं असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

"निदान मॅडम तरी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"उल्का."

त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात, चुकू नये म्हणून जपून, "उल्का" म्हणाला. आई गेल्यापासून हे नाव मी फक्त सही करताना वापरत होते.

"पुन्हा म्हणा," मी म्हणाले.